चढावर मध्येच दम सोडणारा ट्रक : बिघाड शोधण्याचा योग्य क्रम

रिकामी गाडी नीट चालते, वर्कशॉपमध्ये उभी केली की काहीच दाखवत नाही, आणि माल भरून तासभर चालवली की चढावर दम सोडते. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक मालकांनी त्याआधीच पंप, इंजेक्टर किंवा टर्बो यांपैकी एखादा महागडा भाग बदललेला असतो आणि तरीही दोष तसाच असतो. याचे कारण बहुतेक वेळा मिस्त्रीचे अज्ञान नसते, कामाचा क्रम चुकलेला असतो. अधूनमधून येणारा दोष तो हजर असतानाच मोजावा लागतो, आणि मोजल्याशिवाय एकही नट सैल करायचा नसतो. या लेखातला प्रत्येक टप्पा याच एका नियमावर उभा आहे.

पुढील क्रम कॉमन रेल इंजिनाच्या (ज्यात सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळते) बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या ट्रक, टिपर आणि ट्रेलरसाठी आहे. जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांनाही टाकी, हवा आणि ब्रेक यांचे टप्पे जसेच्या तसे लागू पडतात.

## हात लावण्याआधीची तयारी

आपल्या इंजिनाचे सर्व्हिस मॅन्युअल आणि चालू गाडीतील आकडे दाखवणारा स्कॅनर या दोन गोष्टी नसतील, तर काम सुरू करू नये. फक्त कोड दाखवणारे छोटे यंत्र या कामाला अपुरे पडते. याशिवाय मल्टीमीटर, डिझेलला चालणारा पारदर्शक पाइप, वीस लिटरचा धुऊन कोरडा केलेला कॅन, लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर, नवे कॉपर वॉशर, दोन्ही डिझेल फिल्टरांचा नवा संच, चाकाखाली लावण्याचे ठोकळे आणि एक वही जवळ ठेवावी. वहीचा उल्लेख शेवटी केला असला, तरी प्रत्यक्षात सर्वांत जास्त उपयोग तिचाच होतो.

इशारा : कॉमन रेलमध्ये पूर्ण भारावर डिझेलचा दाब दीड हजार बारच्याही वर जातो. जुन्या गाड्यांत चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरचा पाइप सैल करून मिसिंग (कोणता सिलिंडर नीट पेटत नाही ते) शोधण्याची सवय अनेक हातांना आहे. कॉमन रेलवर ती सवय जीवघेणी ठरते, कारण इतक्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि जखम बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच दिसते. अशी धार लागली, तर दुखत नसले तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. गळती शोधताना बोट फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. इंजिन बंद केल्यावरही मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून मगच रेलच्या बाजूला हात लावावा.

केबिन उचलण्यापूर्वी आतील सुटे सामान काढावे आणि उचलल्यावर लॉक बसल्याची डोळ्यांनी खात्री करावी.

## टप्पा १ : चालकाची साक्ष लिहून घेणे

बिघाड ज्याने अनुभवला तो चालकच या कामातला एकमेव साक्षीदार असतो, आणि नेमके त्यालाच बाजूला उभे करून मालक आणि मिस्त्री आपसात निर्णय घेताना दिसतात. "गाडी ओढत नाही" या एका वाक्यावर काम सुरू करू नये. चालकाला चहा द्यावा, निवांत बसवावे आणि पुढील प्रश्नांची उत्तरे त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावीत.

दोष सुरू झाला तेव्हा टाकीत डिझेल किती होते? गाडी चालू होऊन किती वेळ झाला होता? चढ होता की सपाट रस्ता, माल किती टन होता, पाऊस होता का, नुकतीच गाडी धुतली होती का? ताकद हळूहळू गेली की एका झटक्यात? त्या वेळी कोणता दिवा लागला? गाडी थांबवून पुन्हा सुरू केल्यावर ती लगेच नीट झाली, की दहा-पंधरा मिनिटे गेल्यावर नीट झाली?

यातला प्रत्येक प्रश्न वेगळ्या दिशेला नेतो. टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच दोष येत असेल, तर टाकीतल्या सक्शन पाइपला वरच्या भागात तडा असण्याची दाट शक्यता असते, कारण पातळी त्या तड्याखाली उतरल्यावरच पाइप हवा ओढू लागतो. ताकद झटक्यात गेली आणि चावी बंद-चालू केल्यावर तत्क्षणी परत आली, तर वायरिंग, सेन्सर किंवा इसीयूने (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाने) स्वतः घातलेली मर्यादा यांचा संशय धरावा. हळूहळू ताकद जाऊन काही मिनिटांच्या विश्रांतीनंतर परत येत असेल, तर डिझेल टाकीतून नीट येत नाही असे समजून सुरुवात करावी. खड्डा किंवा वळण आले की दोष येतो, हे हारनेस (वायरींची जुडी) कुठेतरी घासत असल्याचे लक्षण असते.

तपासणी : दोष कोणत्या परिस्थितीत येतो हे एका वाक्यात लिहिता येते का? येत नसेल, तर गाडीला आणखी एक फेरी करू द्यावी आणि चालकाजवळ वही द्यावी.

## टप्पा २ : ताकद कमी आहे, की गाडी अडते आहे?

या टप्प्याला अर्धा तास पुरतो, तरीही तो सर्वाधिक वेळा गाळला जातो. ब्रेक धरून राहिला, तर चालकाला इंजिनाची ताकद गेल्यासारखेच वाटते. पंधरा-वीस किलोमीटर चालवून, शक्यतो कमी ब्रेक मारत, गाडी सपाट जागी थांबवावी आणि प्रत्येक ड्रमचे तापमान लांबून मोजावे. एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या आणि उजव्या ड्रममध्ये मोठा फरक दिसला, तर ब्रेकची फट जुळवणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर, ब्रेक चेंबर किंवा न सुटणारा पार्किंग ब्रेक आधी पाहावा. ड्रमला हात लावून अंदाज घेऊ नये.

चढावर इंजिनाचे आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे आणि पुढचा सगळा लेख त्या गाडीला लागू नाही.

## टप्पा ३ : कोड वाचणे, लिहिणे, न पुसणे

स्कॅनर लावल्याबरोबर सगळे कोड पुसून "आता पाहू" म्हणणे ही मोठी चूक आहे. कोडबरोबर इसीयूने त्या क्षणाचे आरपीएम, भार आणि तापमान साठवलेले असते, आणि पुसताना ही सगळी माहिती कायमची जाते. सक्रिय कोड आणि जुने साठलेले कोड वेगवेगळे लिहावेत, आणि प्रत्येक कोड किती वेळा आला तो आकडाही लिहावा.

काही गाड्यांत कोड एसपीएन (दोष कशात आहे) आणि एफएमआय (दोष कोणत्या प्रकारचा आहे) या दोन आकड्यांत मिळतो. तिथे एसपीएन १५७ म्हणजे रेल प्रेशर, ९४ म्हणजे डिझेलचा पुरवठा दाब, ९१ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पेडल, १०२ म्हणजे बूस्ट प्रेशर (टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब) आणि १६८ म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज. एफएमआय २ दिसला तर सिग्नल अस्थिर आहे, म्हणजे आधी वायर आणि कनेक्टर पाहायचे. १ किंवा १८ म्हणजे मोजलेली गोष्ट खरोखरच कमी पडली आहे. रेल प्रेशरचा कोड आला म्हणून रेल प्रेशर सेन्सर बदलणे, हे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. बऱ्याचदा सेन्सर खरे तेच सांगत असतो.

## टप्पा ४ : भरलेल्या गाडीची चाचणी

नागपूर सपाट आहे, आणि त्यामुळे इथे एक चूक वारंवार होते. वाडीच्या आसपास किंवा आउटर रिंग रोडवर रिकामी गाडी दहा किलोमीटर फिरवून "गाडी ओके" असा शेरा मारला जातो, आणि तीच गाडी माल घेऊन जबलपूरकडे निघाली की खवासाच्या पुढे कुरई घाटात रांगू लागते. रिकाम्या गाडीला इंजिनाच्या क्षमतेचा छोटासाच भाग लागतो, त्यामुळे तुंबलेला फिल्टरसुद्धा तिला पुरेसे डिझेल देतो. चाचणी नेहमीचा माल भरून, आणि ज्या परिस्थितीत दोष येतो असे टप्पा १ मध्ये लिहिले त्याच परिस्थितीत घ्यावी.

स्कॅनर दुसऱ्या माणसाच्या हातात असावा. चालकाने एकदाही पडद्याकडे पाहू नये. पेडलची टक्केवारी, इसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला रेल दाब, बूस्ट, इंजिनाचे पाणी आणि आत येणारी हवा यांचे तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, तसेच इसीयूने टॉर्कवर (इंजिनाच्या ओढण्याच्या जोरावर) मर्यादा घातली आहे की नाही, एवढे सगळे एकाच वेळी रेकॉर्डिंगला लावावे. रेकॉर्डिंग असले की पेंचच्या जंगलातल्या रस्त्यावर कुठेही मध्येच थांबावे लागत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आकडे कोणत्या क्रमाने पडले ते पाहणे. डिझेल कमी पडले की एक्झॉस्टमधील ऊर्जा कमी होते, टर्बो मंद फिरतो आणि बूस्ट आपोआप उतरतो. उलट, हवा कमी पडली की काळा धूर टाळण्यासाठी इसीयू स्वतःच डिझेल कमी करतो आणि मग रेल दाबाची मागणीही खाली येऊ शकते. दोन्ही बाबतींत शेवटी दोन्ही आकडे खाली दिसतात. म्हणूनच नुसता पडलेला बूस्ट पाहून निरोगी टर्बो बदलले जातात. मागणी वर असताना प्रत्यक्ष रेल दाब तिच्या मागे पडू लागला आणि त्यानंतर बूस्ट उतरला, तर टप्पा ५ कडे जावे. रेल दाब मागणीला धरून राहिला आणि बूस्ट आधी घसरला, तर टप्पा ६ कडे. पाय स्थिर असताना पेडलची टक्केवारी उडाली किंवा व्होल्टेजने गोता खाल्ला, तर टप्पा ७ कडे. आणि सगळे आकडे ठीक असूनही टॉर्कची मर्यादा लागलेली दिसली, तर पाण्याचे तापमान पाहून टप्पा ६ किंवा टप्पा ८ कडे जावे.

इशारा : धुराच्या रंगावरून निदान करण्याची पद्धत बीएस-६ गाडीत वापरू नये. काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधील काजळीच्या फिल्टरमध्ये, अडकते, त्यामुळे हवा कमी पडूनही सायलेन्सरमधून काळा धूर दिसत नाही.

## टप्पा ५ : टाकीपासून पंपापर्यंतचा डिझेलचा रस्ता

अधूनमधून ताकद जाण्याची कारणे मला सर्वाधिक वेळा याच रस्त्यावर सापडली आहेत, आणि हा रस्ता तपासायला खर्च जवळजवळ नसतो. तो टाकीकडून इंजिनाकडे, याच दिशेने तपासावा.

पहिली गोष्ट टाकीचे झाकण. झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजले, तर डिझेल वापरले जाते तशी टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढणे जड जाते. दोष आल्यावर गाडी सुरक्षित जागी घेऊन झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर शोध इथेच संपला.

दुसरी गोष्ट म्हणजे सक्शन बाजूची हवा. ही बाजू दाबाखाली नसते, ओढाखाली असते. त्यामुळे सैल क्लिप, तडकलेला रबरी पाइप किंवा पुन्हा वापरलेला कॉपर वॉशर यांतून डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. "कुठेही गळती नाही" हे वाक्य इथे पुरावा म्हणून धरता येत नाही. प्रायमरी (टाकीकडून पहिल्या) फिल्टरच्या आधी पारदर्शक पाइप जोडून इंजिन चालवावे. प्रायमिंगनंतर (पाइपातली हवा काढून डिझेल भरल्यावर) सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात आणि जातात. काही मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ चालू असेल, तर पाइप टाकीकडे एकेक जोड सरकवत नेऊन हवा कुठून शिरते ते शोधावे.

तिसरी गोष्ट कॅनची चाचणी. कॅनमध्ये स्वच्छ डिझेल भरून तो केबिनच्या बाहेर, एक्झॉस्टपासून दूर, घट्ट बांधावा. मूळ पाइपच्याच आतील व्यासाच्या पाइपने तो प्रायमरी फिल्टरला जोडावा, रिटर्नही (इंजिनाकडून परत येणाऱ्या जादा डिझेलचा पाइप) कॅनमध्येच सोडावा, आणि चाचणी छोटी ठेवून डिझेल जास्त तापणार नाही याकडे लक्ष द्यावे. भरलेली गाडी कॅनवर नीट ओढू लागली, तर दोष टाकी किंवा तिच्या पाइपमध्ये आहे हे सिद्ध होते.

उमरेडच्या बाजूने कोळसा वाहणारी एक गाडी माझ्याकडे आली, तेव्हा एका वर्कशॉपने तिचा हाय प्रेशर पंप आणि चार इंजेक्टर बदलून झाले होते. चाळीस मिनिटे चालली की गाडी मरगळे, पंधरा मिनिटे उभी राहिली की पुन्हा धावे. कॅनवर ती तासभर नीट चालली. टाकी उतरवली, तेव्हा आत कॅनच्या तोंडाचे पातळ सील तरंगताना सापडले. डिझेलच्या ओढीने ते सक्शनच्या जाळीला जाऊन चिकटे आणि इंजिन बंद झाले की सुटून खाली बसे. त्या मालकाने कर्जाच्या हप्त्याचे पैसे पंपावर घातले होते, आणि ते परत येणार नव्हते. कॅनची चाचणी मी तेव्हापासून कधीही गाळलेली नाही.

चौथी गोष्ट फिल्टर. प्रायमरी फिल्टरच्या तळातील पाणी काचेच्या बरणीत काढून पाहावे. पावसाळ्यात, आणि ड्रममधून डिझेल भरणाऱ्या गाड्यांत, हे आठवड्याला करावे. पाणी किंवा काळा चिकट गाळ निघत असेल, तर नुसता फिल्टर बदलून उपयोग नाही, टाकी धुवावी लागेल.

इशारा : नवा सेकंडरी (पंपाआधीचा दुसरा) फिल्टर बसवण्यापूर्वी त्यात कॅनमधून डिझेल ओतू नये. ते न गाळलेले डिझेल थेट हाय प्रेशर पंपाकडे आणि इंजेक्टरांकडे जाते. फिल्टर कोरडाच बसवून हँड प्रायमरने डिझेल ओढावे.

तपासणी : नव्या फिल्टरनंतर पुरवठा दाब आणि सक्शनचा ओढ गेजने मोजून मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहिला का?

## टप्पा ६ : हवा, बूस्ट आणि गाडीचा ताप

एअर फिल्टरचा इंडिकेटर लाल झाला असेल, तर फिल्टर बदलावा. कॉम्प्रेसरच्या हवेने झटकून तोच पुन्हा बसवू नये, कारण कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि आत गेलेली धूळ टर्बोची पाती खाते. आतला सेफ्टी फिल्टर तर कधीच साफ करायचा नसतो. कोळसा, राख आणि सोयाबीन वाहणाऱ्या गाड्यांनी पुस्तकातल्या किलोमीटरवर विसंबून न राहता इंडिकेटर रोज पाहावा.

इंटरकूलरचे रबरी होज उभ्या गाडीत घट्ट दिसतात, पण बूस्ट आला की फुगून चिरेतून हवा सोडतात. जोडाभोवती तेलकट धूळ जमलेली दिसली, तर तिथेच संशय धरावा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबाने, रेग्युलेटर लावूनच हवा भरावी आणि साबणाचे पाणी लावून फुगे पाहावेत. हवा भरताना झाकणासमोर उभे राहू नये.

कापूस वाहणाऱ्या गाड्यांत रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्या मधल्या फटीत सरकी आणि तंतूंची गादी बसते, जी समोरून दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे गेला की अशी गाडी तापते, आणि इंजिन वाचवण्यासाठी इसीयू ताकद कमी करतो. दोष फक्त दुपारी येतो आणि रात्री येत नाही, अशी नोंद वहीत असेल, तर आधी ही फट उघडून स्वच्छ करावी आणि मग पंख्याचा व्हिस्कस क्लच (इंजिन तापले की पंखा जोरात फिरवणारा भाग) तपासावा. फिन कमी दाबाच्या पाण्याने धुवाव्यात, जोरदार धार मारली की त्या वाकतात.

## टप्पा ७ : बॅटरी, ग्राउंड आणि हारनेस

२४ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसावेत. त्यानंतर हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीच्या ऋण टोकापासून इसीयूच्या ग्राउंडपर्यंतची व्होल्टेजची घट मोजावी. ती ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर ग्राउंडचा जोड उघडून, घासून पुन्हा कसावा. नुसता ओहम मोजून ग्राउंड चांगला ठरवू नये, कारण एका तारेवर टिकलेली जाड वायरही ओहममीटरला ठीक दिसते.

पुढे, लाइव्ह डेटा (स्कॅनरवरचे चालू आकडे) चालू ठेवून हारनेस हलक्या हाताने हलवत जावा, विशेषतः केबिन उचलण्याच्या बिजागरीजवळ, चॅसिस ओलांडताना आणि एक्झॉस्टच्या शेजारी. पेडलमध्ये दोन स्वतंत्र सिग्नल असतात. ते दोन्ही एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात वाढले पाहिजेत, एकही मध्येच उडता कामा नये. ब्रेकचा स्विच अडकला तरी काही गाड्यांत इंजिन ताकद देत नाही, म्हणून तोही पडद्यावर पाहावा.

वायरीत सुई टोचून मोजू नये, बल्बच्या टेस्टरने इसीयूच्या वायरी तपासू नयेत आणि कनेक्टरवर प्रेशरचे पाणी मारू नये. आजच्या टोचलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरते आणि नवा अधूनमधून येणारा दोष तयार होतो.

## टप्पा ८ : बीएस-६ गाडीचा एक्झॉस्ट आणि युरिया

धूर स्वच्छ करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये फवारल्या जाणाऱ्या युरियाच्या द्रावणाची पातळी किंवा गुणवत्ता कमी पडली की बीएस-६ गाडी आधी इशारा देते, मग टॉर्क कमी करते आणि शेवटी वेग ताशी सुमारे २० किलोमीटरवर आणून ठेवते. हा इंजिनाचा बिघाड नाही. रिफ्रॅक्टोमीटरने (द्रावणाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्राने) द्रावण ३२.५ टक्के आहे का ते पाहावे. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून कधीही वापरू नये. त्यावर निंबाच्या तेलाचे लेपन असते आणि त्यामुळे कॅटॅलिस्ट (एक्झॉस्टमधील धूर स्वच्छ करणारा भाग) कायमचा खराब होतो. चांगल्या द्रावणाचे कॅनही पत्र्याच्या शेडखाली तापू देऊ नयेत, कारण ३५ अंशांवर त्याचे आयुष्य सुमारे सहा महिनेच उरते.

डीपीएफचा दाब-फरक जास्त असेल, तर पार्क करून रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून काढणे) करावे.

इशारा : त्या वेळी एक्झॉस्टचे तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गाठींजवळ, वाळलेल्या गवतावर किंवा पेट्रोल पंपावर रिजनरेशन करू नये.

## टप्पा ९ : रेल, पंप आणि इंजेक्टर सर्वांत शेवटी

आधीचे टप्पे स्वच्छ निघाले आणि रेल दाब तरीही मागणीच्या मागे पडत असेल, तेव्हाच इथे यावे. प्रथम इंजेक्टरांच्या रिटर्नची मोजणी करावी आणि कोणता इंजेक्टर इतरांपेक्षा जास्त डिझेल परत सोडतो ते पाहावे. मग रेलच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून गळती आहे का ते पाहावे, आणि त्यानंतरच पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात जाणारे डिझेल मोजून सोडणारा) आणि पंप. इंजेक्टर बदलला, तर त्यावरचा कोड इसीयूमध्ये भरावाच लागतो, आणि मॅन्युअल सांगत असेल तर हाय प्रेशर पाइपही नवाच लावावा लागतो. उघडलेल्या प्रत्येक तोंडाला लगेच स्वच्छ टोपण लावावे, कापडाचा बोळा लावू नये.

## दुरुस्तीनंतरची खात्री

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत तारखेसह लिहावी. कोड आता पुसावेत. त्याच मालासह, त्याच रस्त्यावर, टाकीतील डिझेलची तीच पातळी ठेवून किमान तीन फेऱ्या कराव्यात आणि टप्पा ४ मधील तेच आकडे पुन्हा रेकॉर्ड करून जुन्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून पाहावेत. पाचशे किलोमीटरनंतर प्रायमरी फिल्टरच्या तळाचे डिझेल पुन्हा बरणीत काढावे. त्यात कचरा दिसला, तर टाकी अजून स्वच्छ झालेली नाही आणि काम टप्पा ५ पासून पुन्हा सुरू करावे.